फट

कापूरहोळच्या चौकात, भोरकडे रस्ता वळतो तिथं, माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. आता त्याच गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतो. जुना डेक मात्र चालू ठेवलाय. भजनी मंडळाच्या पोरांनी जुन्या सप्ताहाच्या 11 कॅसेटी आणून टाकल्या. "अण्णा, पेनड्राइव्हवर करून द्या. पण एकेक अभंग वेगळा पाहिजे."

सगळ्या सी-90, एका बाजूला 45 मिनिटं. टेप जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ उतरायला लागतो, तिथं घाई चालत नाही. तुकडे पाडायला ऑडॅसिटीत शांतता शोधायची सोय आहे. आवाज अमुक डेसिबलच्या खाली गेला आणि अमुक सेकंद तसाच राहिला, की खूण पडते. हरिपाठाला ती लावली, एकही खूण पडली नाही. अभंग संपतो, पण टाळ कुठं थांबतात?

मग शांततेची पातळी वाढवून कीर्तनाला लावली. खुणाच खुणा. बुवा दृष्टान्तात ऐन जागी थांबलेत, मंडपात कुणी हलत नाही, नेमकी तिथं खूण. दृष्टान्ताचा सगळा जीव त्या थांबण्यात. यंत्राला वाटलं, संपलं.

आणि जिथं खरंच तुटलं होतं तिथं काहीच नाही. सप्ताहात हे कीर्तन टेप करताना डेकजवळ मीच बसलो होतो. बाजू संपली, कॅसेट उलटी करेपर्यंत बुवांची दोन वाक्यं गेली ती गेलीच. आता दोन्ही बाजू सलग चिकटवल्यावर तो सांधा यंत्राला दिसेना.

मग सप्ताहाला अखंड म्हणतात ते कशाच्या जोरावर? रात्री दोनला मंडपात एक विणेकरी असतो आणि एक झोपलेलं कुत्रं. पहारा बदलताना जुना आणि नवा विणेकरी एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तेवढ्यात तार गप्प असते, नामही ओठातल्या ओठात. सप्ताह खंडला असं कुणी म्हणत नाही. वीणा भुईला टेकली तर मात्र म्हणतील.

शेवटी कानाला लावून हातानं खुणा टाकल्या, तीन आठवडे. प्रत्येक तुकडा बाहेर काढताना नाव द्यावं लागतं. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात शब्दखंडन म्हणून अख्खं प्रकरण लिहिलंय. शब्द आठवण करून देतो हे मान्य; पण जे कधी विसरलंच जात नाही, त्याला आठवण कसली द्यायची? माझी अडचण उलटी. नाव नाही दिलं तर उद्या पोरांना सापडायचं नाही. म्हणून 'हरिपाठ 01', 'हरिपाठ 02' असं लिहीत गेलो, आणि लिहिताना थोडं चोरट्यासारखं वाटत होतं.

पेनड्राइव्ह देण्याआधी घरी लावून बघितला. एमपीथ्री करताना फाइलच्या आगेमागे किंचित कोरी जागा भरली जाते, त्यामुळं दोन अभंगांमध्ये बारीकशी फट पडते. टेपवर ती नव्हती, माझ्या कापण्यानं आली. मी वैतागून परत संगणक उघडायला निघालो. आई पलीकडं लसूण सोलत स्पीकरबरोबर हरिपाठ म्हणत होती. फट आली, स्पीकर गप्प झाला. ती नाही झाली.