दोन केसपेपर, एक बाई

उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली. सुरतेच्या या वस्त्यांमध्ये जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली खानदेशी कुटुंबं कित्येक वर्षांपासून राहतात. पुरुष लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये जातात. अनेक बायका घरी बसून साड्यांवर खडे-टिकल्या चिकटवतात, सुटे धागे कापतात, लेस लावतात. मजुरी नगावर मिळते. नगावरच्या कामाला आजारपणाची रजा नसते, म्हणून दुखणं अंगावर काढायची सवय लागते. त्यातही दुखणं पाळीचं असलं तर ते दुखण्यात मोजलंच जात नाही. आईचं दुखायचं, मावशीचं दुखायचं, तुझंही दुखणार. लग्न झालं की थांबेल, एक मूल झालं की थांबेल, असं सांगून विषय मिटवला जातो.

थांबत नाही तेव्हा एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यायला हवी. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी या आजारात गर्भाशयाबाहेर वाढतात: बीजकोशांवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, आतड्यांच्या आणि मूत्राशयाच्या आसपास. महिन्याच्या हार्मोनला त्याही प्रतिसाद देतात. तिथे दाह होतो, आतले अवयव एकमेकांना चिकटू लागतात, बीजकोशात जुनं रक्त साचून गाठ होते. पाळीत कंबर धरून बसावं लागतं, शौचाला जाताना कळ येते, नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं, आणि हे शेवटचं तर कुणालाच सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के, म्हणजे जगभरात 19 कोटी स्त्रियांना हा आजार आहे आणि निदान होईपर्यंत 4 ते 12 वर्षं जातात. साध्या सोनोग्राफीत गाठ दिसते, पण पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेले बारीक डाग बहुधा दिसत नाहीत. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढं ऐकून किती जणी घरी परतत असतील! युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं आहे की दुर्बिणीतून पाहून खात्री होईपर्यंत थांबायची गरज नाही, लक्षणांवरून औषध सुरू करता येतं.

हे औषध बहुतेक वेळा हार्मोनचं असतं. डायनोजेस्टची 2 मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायची, किंवा ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन घेऊन बीजकोशांचं काम काही महिने बंद ठेवायचं. इंजेक्शनाने अंगातून वाफा येतात आणि हाडं विरळ होतात, म्हणून ते फार काळ एकटं देत नाहीत. गोळी त्या मानाने सोपी. तिने अनेक जणींना वर्षांनंतर पहिल्यांदा सरळ उभं राहता आलं आहे. पण तिच्या माहितीपत्रकात दुष्परिणामांमध्ये मन उदास होणं हेही छापलेलं असतं, आणि गोळी लिहून देताना ते सांगितलं जातंच असं नाही.

ज्या बाईचं मन पाळीच्या आधी मुळातच ढासळत असतं, तिला हे न सांगणं महागात पडू शकतं. पाळीपूर्वीची चिडचिड बऱ्याच जणींना होते. त्याहून फार वेगळी, तीव्र अवस्था म्हणजे पीएमडीडी: पाळीच्या आधीचा आठवडा-दीड आठवडा रडू, संताप, भीती, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटणं, काहींना मरणाचे विचार, आणि पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत आकाश निवळावं तसं सगळं निवळतं. अमेरिकन मनोविकार संघटनेने 2013 साली तिला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. सुरतेहून फार दूर नसलेल्या भावनगरमध्ये महाविद्यालयीन मुलींचा अभ्यास झाला, तो 2016 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकन निकषांनी त्यात 3.7 टक्के मुलींना पीएमडीडी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेचे तेव्हाचे सैल निकष लावले तर पाळीपूर्व त्रास असलेल्यांचं प्रमाण 91 टक्क्यांवर गेलं. या दोन आकड्यांमध्येच या बाईची अडचण आहे. सगळ्यांनाच थोडंफार होतं, म्हणून जिला जीव नकोसा होतो तिचंही ‘सगळ्यांनाच होतं’ यात जमा होतं.

हा स्वभावाचा दोष नाही, हे 1998 साली अमेरिकेतल्या श्मिट आणि रुबिनो यांच्या प्रयोगाने दाखवलं. तीव्र पाळीपूर्व त्रास असलेल्या स्त्रियांचे बीजकोश त्यांनी ल्युप्रोलाइडने शांत केले, तेव्हा बऱ्याच जणींचा त्रास थांबला. नंतर नेहमीच्या प्रमाणात इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिल्यावर तो पुन्हा उसळला. त्रास नसलेल्या स्त्रियांना तीच औषधं तशीच दिली, त्यांना काही झालं नाही. रक्तातलं हार्मोन दोघींचं सारखं, मेंदूची त्याला साथ वेगळी. म्हणून हार्मोनची रक्ततपासणी करून पीएमडीडी सापडत नाही. आणि म्हणूनच प्रोजेस्टेरॉनच्या घराण्यातली गोळी एकीला वरदान ठरते, दुसरीला महिनाभर त्या वाईट आठवड्यातच डांबून ठेवते. तिसरीची पाळीच बंद होऊन मनही स्थिरावतं. कुणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही, औषध सुरू केल्यावर विचारत राहावं लागतं.

विचारणार कोण? सुरतेत स्मीमेर आणि न्यू सिव्हिल या दोन्ही मोठ्या सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. तरी अशी बाई कुठल्याही शहरात पोटासाठी एका ओपीडीत बसते, मनासाठी दुसरीत, तेही कुणी पाठवलं तर. इथे पाळीची तारीख विचारतात, झोपेचं विचारत नाहीत. तिथे झोपेचं विचारतात, तारीख विचारत नाहीत. पीएमडीडीला फ्लुओक्सेटिनसारखी औषधं काही दिवसांतच लागू पडतात, काहींना ती पाळीआधीचे फक्त दोन आठवडे घेऊनही चालतात. पण त्यासाठी तारीख माहीत हवी. दोन केसपेपर एकमेकांशेजारी ठेवले तर जे दिसेल, ते वेगवेगळे पाहिले की दिसत नाही.

अशा वेळी घरूनच एक तोडगा सुचवला जातो: गर्भपिशवी काढून टाका. बीडमध्ये 2019 साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा 82 हजारांहून अधिक ऊसतोड मजूर स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे खाडा झाला की मजुरी कापली जाते. सुरतेच्या नगावरच्या कामाचं गणितही याच जातीचं आहे. मला या सल्ल्याचा राग येतो, कारण तो या दोन्ही आजारांवर खात्रीचा इलाज नाही. एंडोमेट्रिओसिसचे डाग पिशवीबाहेर असतात, ते काढले नाहीत तर दुखणं मागे राहू शकतं. बीजकोश ठेवले तर हार्मोनचं चक्र चालूच राहतं आणि मनाचा तो आठवडा महिन्याच्या महिन्याला येत राहतो. फक्त रक्तस्राव नसल्याने तो कशाचा आहे हे ओळखायची खूण जाते. बीजकोशही काढले तर पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते. फार निवडक जणींना, इतर उपाय थकल्यावर, ही शस्त्रक्रिया न्यायाची असते. स्वस्तात मोकळं होण्याची ती वाट नव्हे.

पीएमडीडीच्या निदानासाठी किमान दोन महिने रोज नोंद ठेवावी लागते: आज किती दुखलं, मन कसं होतं, झोप लागली का. साधी वही पुरते. पण वही कुणाच्या हातात, हा प्रश्न गुजरातमध्ये फार खरा आहे. भुजच्या एका मुलींच्या वसतिगृहात पाळी आलेल्या मुलींनी रजिस्टरमध्ये नाव लिहावं असा नियम होता, तो त्यांना वेगळं बसवण्यासाठी. फेब्रुवारी 2020 मध्ये, रजिस्टरमध्ये नावं येत नाहीत म्हणून साठांहून अधिक मुलींना अंतर्वस्त्रं उतरवून तपासण्यात आलं. प्रकरण बाहेर आल्यावर प्राचार्यांसह काही जणांना अटक झाली. ज्या मुलीने पाळीची नोंद अशी पाहिली आहे, तिला ‘तारखा लिहून आण’ म्हणताना डॉक्टरांनी हे लक्षात ठेवायला हवं. ही वही तिची आहे, ती सासूला किंवा नवऱ्याला दाखवायची नाही, आणि उपचार बदलायचा की नाही हे तिच्याशी बोलूनच ठरेल, हे आधी सांगायला हवं.

मागणी फार मोठी नाही. मनोविकार ओपीडीत पाळी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख लिहिली जावी. स्त्रीरोग ओपीडीत हार्मोनची गोळी सुरू केलेल्या बाईला काही आठवड्यांनी परत बोलवून, नवऱ्याला बाहेर बसवून, तिच्या भाषेत, मग ती अहिराणी का असेना, विचारलं जावं: झोप लागते का, रडू येतं का, जीव द्यावासा वाटतो का. शेवटचा प्रश्न टाळू नये. विचारल्याने विचार रुजत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर गोळीचा फेरविचार त्याच दिवशी व्हावा आणि तिला शेजारच्या विभागात कुणीतरी सोबत घेऊन जावं. रात्री-अपरात्री गरज पडली तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही आणि गुजरातीतही. तो क्रमांक गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने लिहून द्यावा.