पेटी नसताना गाता येईल ते

गेल्या पावसाळ्यात उमरीला नात्यातल्या एका म्हातारीच्या मयतीला रात्रभर बसलो होतो. माती सकाळी द्यायची होती. पाऊस लागलेला, वीज गेलेली. पाळकसाहेब म्हणाले, "गाणं घ्या कुणीतरी." दर रविवारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर तास-तास गाणारी पोरं एकमेकांकडं पाहू लागली, मोबाइलमध्ये शब्द शोधू लागली. तेवढ्यात कोपऱ्यातून एका आजीनं अभंग उचलला. आणखी तिघी तिच्या मागोमाग गाऊ लागल्या आणि एकही कडवं न चुकता त्यांनी तो पुरा केला. चौघींपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं.

त्या रात्रीपर्यंत माझी तक्रार वेगळी होती. मला वाटे, स्पीकरच्या आवाजात भक्ती बुजली. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक कपाटात गेलं, भिंतीवर प्रोजेक्टर आला, मराठी मंडळीत हिंदी गाणी शिरली. जुनं तेच चांगलं, एवढंच माझं म्हणणं. पण जुनं म्हणजे कधीचं, असं स्वतःला विचारलं आणि ते म्हणणं डळमळलं.

अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत आले, 1831 मध्ये अहमदनगरला पोहोचले. सुरुवातीची बरीच मराठी गीतं इंग्रजी चालींवर बेतलेली होती. इंग्रजी चाल शब्दावरच्या आघातानं चालते, आपलं पद्य अक्षरं किंवा मात्रा मोजतं. त्यामुळे ऱ्हस्व ताणावा लागे, दीर्घ आखडावा लागे आणि गाणारा अर्थाकडं बघण्याऐवजी चाल सांभाळत राही. नगरच्या कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांनी कीर्तनाची देशी वाट धरली. मग आले रेव्हरंड ना. वा. टिळक. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीची भावना अशी की, तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, आणि मराठी मंडळीच्या गायनाचा मोठा भाग त्यांच्या शब्दांनी भरून गेला. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्या तर शाळेत गेल्याच नव्हत्या.

म्हणजे मी ज्याला जुनं म्हणत होतो ते टिळकांच्या काळात नवंच होतं. नव्यावर रागावण्याचा माझा हक्क तिथंच संपला.

पण मग त्या रात्री काय कमी पडलं? यावर मी बरेच दिवस विचार करत होतो. उत्तर मिळालं ते छंदात. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. ओवीतही शेवटचा चरण आखूड. जात्यावर बसणाऱ्या बाईला हे मोजमाप शिकवावं लागत नाही, ते तिच्या दळण्याच्या लयीत असतं. एक शब्द विसरला तर यमक तो परत आणून देतं. फादर स्टीफन्सनी 'ख्रिस्तपुराण' रचलं तेही ओवीतच. 1616 साली गोव्यात राचोलला छापलेल्या त्या ग्रंथात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. पुस्तक हाती नसलेल्या माणसाच्या स्मरणात उतरायचं, तर याहून जवळची वाट मराठीत नाही.

आताच्या पुष्कळ गाण्यांत दोन-तीन ओळी असतात आणि त्या पुनःपुन्हा म्हणायच्या. चढत जातो तो वाद्यमेळ. त्यात पोरांचं मन रमतं, ती चर्चमध्ये येतात, हे मी हलकं मानत नाही. आमच्या बाजूला धर्माबाद-बिलोलीकडच्या घरांत तेलुगू गाणीही चालतात. भाषा बदलली म्हणून भक्ती बाटत नाही. पण वाद्य काढून घेतलं की या ओळींच्या मागं उरतं थोडंच. आणि त्यांत बहुतेक वेळा जय असतो, आशीर्वाद असतो, आनंद असतो. मरण नसतं. पश्चात्ताप क्वचित. आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईनं काय म्हणायचं, ते नसतं. जुन्या गीतांत हे सारं होतं, कारण ती गाणाऱ्यांच्या घरात हे सारं रोज होतं. आजही आहे.

म्हणून जुनं परत आणा असं मी आता म्हणत नाही. नवं गाणं जरूर रचावं, पण मयताच्या रात्री, अंधारात, पेटीशिवाय ते म्हणता येतं का, हे एकदा पाहावं. आपल्या मंडळीत आज छंद जाणणारी, शेतातलं आणि घरातलं मराठी लिहिणारी तरुण पोरंपोरी आहेत. त्यांना कुणी लिहायला सांगत नाही, ही खरी उणीव आहे.

आणि ते लिहिलं जाईपर्यंत एक करा. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर एखाद्या आजीजवळ बसा. तिला पाठ असलेलं एक गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका, चालीसकट वहीत आणि गळ्यात उतरवून घ्या. उशीर करू नका. त्या रात्री उमरीत गाणाऱ्या चौघींपैकी आता दोघीच राहिल्या आहेत.