मोजतो कोण?

विद्यापीठात नियतकालिकाची पत आकड्यावर ठरते. 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू' १९०६ पासून निघतं, त्याचाही इम्पॅक्ट फॅक्टर काढतात. हिशेब सोपा: मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी किती दाखले मिळाले, भागिले त्या लेखांची संख्या. दाखलाही मोजणीच्या यादीतल्या नियतकालिकात आलेला हवा.

मी विचारतो, या तराजूत बाबासाहेब कुठं बसतात? १९३६ साली जातपात तोडक मंडळानं परिषद रद्द केली. न झालेलं भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापलं. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. पण वस्तीत वाचून दाखवणारा तळटीप लिहीत नसतो.

मग मोजणी खोटी? नाही. आकडा दाखल्यांचा आहे, सत्याचा नाही, एवढंच. दाखला देणं म्हणजे ऋण मान्य करणं. आमचा विचार उचलायचा अन् नावाला मात्र शिवायचं नाही, ही तळटीपेतली अस्पृश्यताच.

आता आपलंही बघू. शाहिराचं, आयाबायांचं ऐकून आपण लिहितो, तेव्हा त्यांची नावं लिहितो का? दुसऱ्याचा काटा तपासणाऱ्यानं आपलं मापही उघडं ठेवावं.