बतावणी आणि असत्य

पत्त्यांचा खेळ आपल्या ख्रिस्ती घरांना नवा नाही. नाताळच्या सुटीत मेंढीकोट वा रमीचा डाव रंगला नाही असे घर विरळाच. गेल्या नाताळात मात्र पुतण्याने आम्हांस पोकर शिकवावयास घेतले. पैसे लावायचे नाहीत, ही अट वहिनींनी आधीच घातली. म्हणून प्रत्येकापुढे पन्नास चिंचोके मांडण्यात आले.

नियम तासाभरात उमगले. प्रत्येकास दोन पाने उपडी मिळतात. मध्यभागी सर्वांसाठी प्रथम तीन, मग एक, मग आणखी एक अशी पाच पाने उघडतात. या सातांतून आपली उत्तम पाच निवडायची. एका जोडीहून दोन जोड्या श्रेष्ठ, त्यांहून तीन सारखी पाने. मग ओळीने आलेली पाच. मग पाचही बदाम किंवा पाचही किलवर अशी एकाच प्रकारची. मग तीन सारखी व एक जोडी. त्यावर चार सारखी आणि सर्वांवर एकाच प्रकारची सलग पाच. ही श्रेष्ठता दुर्मिळतेवरून ठरते. बावन्न पानांतून पाचांचे २५,९८,९६० संच संभवतात. त्यांत केवळ एक जोडी असलेले १०,९८,२४०, तर चार सारखी पाने असलेले अवघे ६२४. प्रत्येक टप्प्यावर समोरच्याच्या बोलीची बरोबरी करायची, ती वाढवायची किंवा पाने टाकून डाव सोडायचा. इतर सर्वांनी डाव सोडला, तर उरलेला खेळाडू पाने न दाखवताच सारे उचलतो.

बतावणीला वाव मिळतो तो येथेच. हाती काहीही नसताना आम्ही निर्विकार चेहऱ्याने तीस चिंचोके पुढे सारले. वहिनींनी दोन जोड्या टाकून दिल्या. मागाहून आमची पाने पाहून त्या म्हणाल्या, “भावोजी, हे खोटे बोलणेच नव्हे का? आठव्या आज्ञेचे काय?”

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. फसविण्याच्या हेतूने असत्य बोलणे म्हणजे खोटेपणा, असे संत ऑगस्टिन सांगतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ खेळाला वा पैजेला मुळातच अन्याय्य ठरवीत नाही. परंतु त्यापायी कुटुंबाच्या गरजेचा पैसा जाऊ लागला, तर ते नैतिकदृष्ट्या अस्वीकारार्ह मानतो, आणि जुगाराचे वेड माणसाला गुलाम करील, असा इशारा देतो. मग बतावणीचे काय? आम्हांस वाटते, पोकरमधील बोली ही हातातील पानांविषयीची साक्ष नसते. ती तशी मानायची नाही, हे खेळास बसणाऱ्या प्रत्येकाने आधीच मान्य केलेले असते. पानांवर गुपचूप खूण करणारा मात्र ही संमतीच मोडतो. म्हणून तो लबाड.

वहिनींना हे पटले. आमचेच उत्तर आमच्यावर उलटले ते रात्री अंथरुणावर पडल्यानंतर. त्याच आठवड्यात आम्ही आमची जुनी मोटारसायकल एका तरुणाला विकली होती. तिचा दुसरा गिअर मधूनच सुटतो, हे आम्हांस ठाऊक होते. “गाडीत काही दोष नाही ना?” या त्याच्या प्रश्नाला आम्ही “अगदी उत्तम आहे” असे उत्तर दिले होते, आणि तेही त्याच निर्विकार चेहऱ्याने. वहिनींना डाव सोडता येत होता, कारण आपण खेळत आहोत हे त्यांना माहीत होते. त्या तरुणाने तर आमच्या शब्दाला साक्षच मानले होते. त्याच्या हाती टाकून द्यायलाही पाने नव्हती.

सकाळच्या मिस्सानंतर आम्ही त्याला फोन केला. दुरुस्तीचा खर्च आमच्याकडे, असे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग संकोचून म्हणाला, “गिअर सुटतो खरा, पण मला वाटलं, मलाच गाडी नीट चालवता येत नाही.”