काच न बघता केलेली सही

18,000 प्लेटलेट, आणि खाली तुझी सही. कशाच्या आधारावर केलीस? मशीननं आकडा दिला, हे उत्तर मला नको आहे. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघितलीस का? नाही. मग ती सही कसली होती?

बाई पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाली आहे. अंगावर लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, आणि तिच्या जुन्या रिपोर्टात 2,40,000 लिहिलेले आहेत. तो कागद फॉर्मलाच टाचलेला होता. तू तो उलटूनही पाहिला नाहीस. सकाळचं ऑपरेशन रद्द झालं, रक्तपेढीत प्लेटलेटची मागणी गेली, आणि तिचा नवरा पैशांची जुळवाजुळव करत जिन्यावर बसलाय.

आता ही काच लाव. मधला भाग नको, शेपटीकडे जा. काय दिसतंय? पुंजकेच पुंजके. मशीन पेशीला आकारावरून ओळखतं. पंधरा-वीस प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की तो पुंजका त्याच्या लेखी प्लेटलेट राहत नाही, कधी तर तो पांढऱ्या पेशींत मोजला जातो. या बाईच्या पांढऱ्या पेशी कारण नसताना वाढलेल्या दिसतात, मशीननं पुंजक्यांचा फ्लॅगही दिला होता. तू तो पुसून पुढे गेलास. याचा मला जास्त राग आहे.

जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण हजारात एखाद्याच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात, की ईडीटीएमुळे प्लेटलेटचा पृष्ठभाग बदलला की ती त्यांना धरून पुंजके करतात. हे सगळं नळीत घडतं, माणसाच्या अंगात नाही. नमुना जितका वेळ पडून राहील तितके पुंजके वाढतात, आणि हा नमुना आठपासून साडेअकरापर्यंत ट्रेमध्ये पडून होता. रक्त ओढायला वेळ लागला, नळी नीट हलवली नाही, तरी गुठळी होते. काडी घालून बघायला किती वेळ लागला असता?

आणि आता उलट्या टोकाला जाऊ नकोस. उद्यापासून प्रत्येक कमी आकडा खोटा म्हणशील, तर तेही मी चालवून घेणार नाही. काचेवर पुंजके नाहीत, प्लेटलेट खरोखर विरळ आहेत आणि तांबड्या पेशींचे तुकडे दिसताहेत, तर टीटीपी या गंभीर रक्तविकाराची शंका घेऊन तिथल्या तिथे वॉर्डला फोन करायचा. तिथे विचार न करता प्लेटलेट चढवणं धोक्याचं ठरू शकतं. ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, दिसल्या तर एक मिनिटही थांबायचं नाही. हा फरक मशीन सांगत नाही, तो आपल्याला सांगायचा असतो. त्यासाठीच पॅथॉलॉजिस्ट लागतो.

आधी रक्तपेढीला फोन करून ती मागणी थांबव. मग स्वतः वॉर्डात जा, निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत रक्त घे आणि लगेच मशीनवर लाव. नळीतल्या द्रवानं रक्त पातळ होतं, म्हणून आकड्याला 1.1 नं गुणायला विसरू नकोस. सायट्रेटमध्येही क्वचित पुंजके होतात, तेव्हा बोटातून थेट काच कर आणि दोन्ही काचा माझ्याकडे आण. सुधारित रिपोर्ट गेल्यावर तिच्या केसपेपरवर ठळक लिही, ईडीटीएत प्लेटलेट खोट्या कमी येतात, आणि तिच्या नवऱ्याला ते स्वतः समजावून सांग.