कागदाचा वारंगुळा

पाऊस किती झाला हे कळायला शेतकऱ्याला मोजपट्टी लागत नाही. ओढ्याचा आवाज, विहिरीत चढलेलं पाणी, पायाखाली खचणारं रान यांवरून त्याला ते समजतं. सरकारला मात्र ते पर्जन्यमापक सांगतो आणि तो साधारण महसूल मंडळागणिक एक असतो. चोवीस तासांत 65 मिलिमीटर भरले तर त्या मंडळात अतिवृष्टी झाली. त्याहून थोडे कमी भरले तर तो नुसता पाऊस. मंडळात अनेक गावं येतात आणि ढग मंडळाची हद्द बघून फुटत नाही. म्हणून असं घडतं, की एका शिवारातली माती वाहून जाते, मापक असलेल्या गावी नुसती रिपरिप होते आणि कागदोपत्री दोन्हीकडे सारखंच पाणी पडतं.

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात 2025 च्या ऑगस्टमध्ये मापकाबद्दल वाद घालायला जागाच उरली नाही. 17 तारखेच्या रात्रीपासून 18 च्या सकाळपर्यंत मुखेडला सुमारे 206 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उदगीरच्या बाजूने आणि कर्नाटकातून आलेलं पाणी लेंडी नदीच्या खोऱ्यात एकवटलं. ज्या लेंडी धरण प्रकल्पाच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला, त्याच्याच परिसरातली रावणगाव, हसनाळ ही गावं रात्रीतून वेढली गेली. हसनाळमध्ये माणसं गेली, जनावरं गेली. लोकांना बाहेर काढायला लष्कराची तुकडी बोलवावी लागली. काढणीला आलेला मूग-उडीद आणि फुला-शेंगांतलं सोयाबीन पाण्याखाली राहिलं.

पाणी ओसरल्यावर गावात कोणालाही पहिली आठवण झाली असेल ती बहात्तर तासांची. पिकाचं नुकसान झालं की 72 तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचं, हे पंतप्रधान पीक विमा योजनेत शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलं होतं. पण 2025 च्या खरिपात राज्यात ते कलमच उरलं नव्हतं. एप्रिल 2025 च्या शेवटी मंत्रिमंडळाने पीक विमा योजनेत बदल केला आणि मे महिन्यात शासन निर्णय निघाला. एक रुपयात विमा ही 2023 ची सवलत बंद झाली. तिच्याबरोबरच पेरणी न होणं, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान या चार गोष्टींसाठी मिळणारं संरक्षणही गेलं. उरली ती फक्त पीक कापणी प्रयोगावर आधारलेली भरपाई. पाऊस ऑगस्टमध्ये आला, पण त्याच्या विम्याचा निकाल मे महिन्यातच लागून गेला होता.

कापणी प्रयोगावर आधारलेली भरपाई म्हणजे काय, हे एकदा सावकाश समजून घ्यायला हवं. गेल्या 7 वर्षांतली चांगली 5 वर्षं निवडायची, त्यांच्या उत्पादनाची सरासरी काढायची आणि तिचे 70 टक्के धरायचे. यंदा मंडळाचं सरासरी उत्पादन त्या आकड्याच्या खाली गेलं, तरच मंडळातल्या विमाधारकांना भरपाई. यात एकट्याचं शेत कुठेच दिसत नाही. नदीकाठच्या काळ्या रानातलं पीक मुळासकट गेलं आणि वरच्या बरड माळाला त्याच पावसाने जोर आला, तर दोन्हींची बेरीज होऊन मंडळाची सरासरी बरी दिसू शकते. मग काठावरच्या माणसाचं गेलेलं पीक शेजाऱ्याच्या आलेल्या पिकात बुडतं. त्याने हप्ता भरला तो स्वतःच्या गटाचा. निकाल लागतो तो मंडळाचा.

हा नियम करणाऱ्यांच्या बाजूनेही पाहायला हवं, नाही तर चिंतन एकांगी होईल. एक रुपयात विमा सुरू झाल्यावर बनावट अर्जांचा पूर आला. दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, पेरलंच नाही अशा पिकावर विमा उतरवला गेला. तो पैसा सगळ्यांच्या करातून जात होता. लबाडी थांबवायला काही तरी करणं भागच होतं. शिवाय कंपनीने अमाप नफा कमावू नये म्हणून 2020 च्या खरिपात बीड जिल्ह्यात वेगळी पद्धत आणली, ती पुढे राज्यभर गेली. जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची, त्यापुढची राज्य सरकारने. आणि भरपाई फारच कमी निघाली तर कंपनीने 20 टक्के ठेवून बाकीचे सरकारला परत करायचे. हिशेब चोख आहे. पण तो मांडून पाहिला की एक गोष्ट टोचते. कंपनीच्या नफ्याला मर्यादा आहे, तिच्या तोट्यालाही मर्यादा आहे. या साऱ्या मांडणीत ज्याच्या तोट्याला मर्यादा नाही, असा एकच जण उरतो आणि हप्ता भरायला तोच रांगेत उभा असतो.

आता त्याच्या हातातल्या मोबाइलकडे वळू. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आपल्या शेतात काय पेरलं ते शेतकऱ्याने स्वतः अ‍ॅपवर नोंदवायचं, गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. विम्यातलं पीक आणि पाहणीतलं पीक जुळलं नाही, तर विमा अडतो. ही कल्पना चांगली आहे, हे मान्य करायला हवं. पूर्वी तलाठी चावडीत बसून पीकपेरा लिहायचा. सगळ्या गावाला कापूस नाही तर ज्वारी लावून मोकळा व्हायचा, आणि ती चूक दुरुस्त करून घ्यायला शेतकऱ्याला खेटे घालावे लागायचे. आता आपल्या पिकाची नोंद आपल्या हातात आली. पण नोंद हातात आली, तशी चुकीची जबाबदारीही हातात आली. रेंज नव्हती, गट नंबर चुकला, मुदत संपली, फोन मुलाच्या नावावर आणि मुलगा पुण्याला, यातलं काहीही झालं तरी दोष आता तलाठ्याचा नाही. तो ज्याचं शेत, त्याचा.

सरकारी मदतीचंही तसंच. मुखेडच्या पुरानंतर कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये हा दर होता. ऑक्टोबरमध्ये मदतीची हद्द दोन हेक्टरांवरून तीनवर नेली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 रुपये वेगळे जाहीर झाले. पण हा पैसा खात्यावर येण्याआधी यादीत नाव हवं, यादीतला विशिष्ट क्रमांक हवा, तो घेऊन सेवा केंद्रात जाऊन ई-केवायसी करायला हवी. ज्यांनी फार्मर आयडी काढला होता त्यांना नंतर त्यातून सूट मिळाली, हे चांगलंच झालं. पण आयडी नसलेल्यांत कोण होते? कामाने घासलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर न उमटणारे म्हातारे. वाटणीचा कागद न झालेले भाऊ. दिवाळी होताच ऊसतोडीला कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेली तांड्यावरची बिऱ्हाडं. मदत घेऊन सरकार आलं, तेव्हा दाराला कुलूप होतं. आणि पैसा आलाच, तर खातं थकलेल्या कर्जापोटी होल्डला लागण्याची धास्ती. मदतीतून कर्जाची वसुली करू नका, असं सरकारला बँकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

पाऊस, विमा, अ‍ॅप, बँक हे चार वेगळे विषय वाटतात. त्यांच्या मुळाशी मात्र एकच बदल आहे. पूर्वी नुकसान सोसणारा एक असायचा आणि ते पाहून लिहिणारा दुसरा. तो दुसरा कधी आळशी असे, कधी लाच मागे, पण पाहणं हे त्याचं काम होतं आणि ते केलं नाही तर त्याला जाब विचारता येई. आता सोसणाऱ्यानेच पाहायचं, मोजायचं, फोटो काढायचा, मुदतीत चढवायचा. सिद्ध करण्याचं ओझं हळूहळू, कोणीही मोठ्याने न सांगता, कार्यालयाच्या टेबलावरून शेतकऱ्याच्या खांद्यावर आलं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने सांगितलं, की 2026 च्या खरिपापासून रानटी जनावरांनी केलेलं नुकसानही विम्यात घेता येईल. डुकरांनी आणि हरणांनी गांजलेल्या माणसाला याहून चांगली बातमी कोणती? अट मात्र तीच: 72 तासांत, ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसह, अ‍ॅपवर. रात्रभर आखाड्यावर जागून डुकरं हाकलणाऱ्याने पहाटे त्याच हातांनी पुरावाही गोळा करायचा आहे.

न्यायालयाला हे कळत नाही असं नाही. एप्रिल 2025 च्या शेवटच्या आठवड्यात, राज्यात पीक विम्याचा निर्णय झाला त्याच सुमारास, सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीबद्दल एक निकाल दिला. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या, तसंच अंध व्यक्तींना यंत्रासमोर डोळे मिचकावून ओळख पटवता येत नव्हती, असं ते प्रकरण होतं. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे यंत्राला माणूस ओळखता आला नाही, तर कमीपणा यंत्राकडे आहे. हे तत्त्व दिल्लीत लिहिलं गेलं. मुखेडच्या सेवा केंद्रात पोहोचेपर्यंत ते "अंगठा लागत नाही, उद्या या" या वाक्यात अडकू नये, हे मात्र तिथे जवळ उभ्या असलेल्यांनाच पाहावं लागेल.

जवळ उभं राहण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. एकाच बैलाची कास्तकारी असलेले दोघे बैल जोडून आधी एकाचं, मग दुसऱ्याचं रान पेरत. खुरपणीला आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. हा वारंगुळा कोणी धर्मादाय म्हणून केला नाही. एकट्याने वेळेत उरकत नाही आणि वापसा कोणासाठी थांबत नाही, एवढं रोकडं शहाणपण त्यात होतं. आज अ‍ॅपची मुदत वापशासारखीच निघून जाते आणि एकट्याने तीही साधत नाही. मग ज्याच्याकडे चांगला फोन आहे त्याने धुऱ्यापलीकडच्याची पीक पाहणी उरकून द्यावी. बारावीच्या मुलीने गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांच्या आधारला लागलेला नंबर तपासून द्यावा. ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडाचे कागद मागे राहणाऱ्याने सांभाळावेत आणि यादी लागली की फोन करावा. यात पैसा लागत नाही. लागतो तो अर्धा तास आणि दुसऱ्याचं काम आपलं मानण्याची तयारी.

पण शेजारधर्माच्या आडोशाला नियम करणाऱ्यांनी निवांत बसू नये. शेजाऱ्याने हात दिला, म्हणून अवघड केलेली वाट योग्य ठरत नाही. लबाडी थांबवण्यासाठी नियम कडक करताना एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवा: या अटीत लबाड अडकेल की अडाणी? लबाडाकडे फोन असतो, ओळख असते, वेळ असतो. बहुतेक अटींमधून तो वाट काढतो. अडकतो तो, ज्याला आपल्यासाठी नियम बदलला हेच मुळात कोणी सांगितलं नाही.

म्हणून करण्याजोगं एक काम सुचतं. मृगाआधी एका संध्याकाळी गावात, पारावर किंवा तांड्याच्या चौकात, त्या हंगामाचा विम्याचा शासन निर्णय कोणी तरी मोठ्याने वाचावा. काय मिळणार, काय बंद झालं, शेवटची तारीख कोणती, ते सरकारी मराठीतून सोप्या मराठीत सांगावं. न पटलेल्या अटी तिथेच लिहून काढाव्यात आणि ग्रामसभेचा ठराव करून तहसीलला पाठवाव्यात. पाऊस वरून येतो, त्याच्याशी वाद घालता येत नाही. नियम माणसांनी टेबलावर बसून लिहिलेला असतो. पेरणीआधी तो कळला तर त्यावर बोलता येतं, भांडता येतं आणि निदान डोळे उघडे ठेवून हप्ता भरता येतो.