कुळाचा शोध कशासाठीं?

मनुष्याचें मोल त्याच्या पूर्वजांवरून ठरतें काय, हा प्रश्न जुना आहे. परंतु मागील उन्हाळ्यांत तो आमच्याच दारीं आला, म्हणून त्याविषयीं वाचकांशीं चार शब्द बोलणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमच्या मंडळींतील एका तरुणाची सोयरीक ठरत होती. वधूकडील मंडळींनीं कूळ विचारलें. त्याच्या घरीं परंपरेनें असें सांगत कीं, आपला मूळ पुरुष एका मोठ्या वतनदार घराण्यांतला होता. तरुण आमच्याकडे येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, जुनी नोंदवही पाहून तेवढा एक दाखला लिहून द्या." वही उघडली. सन १९०० च्या पानावर त्याच्या खापरपणजोबांचें नांव सांपडलें. वय सुमारें सात वर्षें. शेरा, 'दुष्काळांतील पोरका'. आणि बापाच्या नांवाचा रकाना कोरा! तरुणाचा चेहरा उतरला. क्षणभर थांबून तो हळूच म्हणाला, "रकाना मोकळाच आहे. त्यांत कांहीं लिहिलें तर कोणाचें काय जाणार आहे?"

आम्ही त्यास लगेच उत्तर दिलें नाहीं. कारण, कबूल केलें पाहिजे कीं, त्याचें दुःख पाहून आमचाही हात क्षणभर लेखणीकडे गेला होता.

ज्यांच्या वंशावळी लांब आहेत त्यांची गोष्ट आधीं पाहूं. वडाळ्याच्या रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक साहेबांचें नांव आपल्या जिल्ह्यांत कोणास ठाऊक नाहीं? त्यांचा जन्म १८२२ सालीं अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानांत झाला. शिक्षण पश्चिमेच्या सीमेवर नव्यानें वसत असलेल्या इलिनॉय प्रांतीं झालें. आणि १८४६ सालीं ते ह्या देशीं आले. फेअरबँक ह्या आडनांवाच्या कुळाची वंशावळ १८९७ सालीं ग्रंथरूपानें छापली गेली. तिचा आरंभ १६३३ सालीं इंग्लंडांतून अमेरिकेस गेलेल्या जोनाथन नामक पुरुषापासून होतो. डेडहॅम गांवीं त्यानें बांधलेलें लाकडी घर अद्याप उभें आहे. गांवच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, मृत्युपत्रें, जमिनीचीं खरेदीखतें, थडग्यांवरील अक्षरें, हीं जुळवून असे ग्रंथ तयार होतात. परंतु सीमेवरील कुटुंबें पिढीपिढीस पश्चिमेकडे सरकत. जेथें ना मंडळी ना दप्तर, तेथें धागा तुटे. मग घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानांवर बापानें लिहिलेलीं लेंकरांचीं नांवें हाच काय तो आधार उरे.

मात्र लांब वंशावळ म्हणजे निर्मळ वंशावळ नव्हे. ज्या इलिनॉय प्रांतीं नवीं शेतें पिकलीं, तेथें पूर्वीं सॉक व फॉक्स लोकही राहत होते. १८३२ सालीं त्यांचा पुढारी ब्लॅक हॉक आपल्या भूमींत परत आला, तेव्हां युद्ध होऊन त्याचे बहुत लोक मारले गेले. वंशावळींत जमिनीचा एकर लिहिलेला असतो. ती कोणाची होती हें क्वचित् लिहिलेलें असतें. तेव्हां कोऱ्या रकान्याची लाज आपल्यालाच असावी असें नाहीं.

आतां आपली गोष्ट. क्षेत्रींच्या उपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या असतात. परंतु आमच्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांस त्या उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. चोखोबांची समाधी पंढरीस पायरीशींच आहे, आणि तें मंदिर अस्पृश्यांस खुलें झालें १९४७ सालीं. अहमदनगरास अमेरिकन मिशनचें काम १८३१ सालीं सुरू झालें व १८३३ सालीं मंडळी स्थापन झाली. तिच्या नोंदवहींत ब्राह्मण व महार एकाच शाईनें, एकाच ओळींत उतरले. १८७६ व १८९९ च्या दुष्काळांत पोरक्या झालेल्या लेंकरांचींही नांवें मंडळ्यांच्या वह्यांत चढलीं. जगानें ज्यांस मोजलें नाहीं त्यांस मंडळीनें नांवानें हांक मारली, ही थोडी थोरवी काय?

कोणी म्हणेल, मग शोध घ्यावाच कशाला? पौलानेंही तीमथ्यास अनंत वंशावळींच्या नादीं न लागण्याविषयीं बजाविलेंच आहे. खरें, परंतु मत्तयाचें शुभवर्तमान वंशावळीनेंच सुरू होतें. मग भेद कोठें आहे? शोधणाऱ्याच्या हेतूंत आहे. एक जण आपली उंची वाढविण्यास पूर्वज शोधतो. दुसरा आपणांवर कोणाचें ऋण आहे हें जाणण्यास शोधतो. ह्याची कसोटी सोपी आहे: जें सांपडेल त्यानें मान खालीं जात असली तरी तें लिहून ठेवण्यास मी तयार आहें काय? मत्तय तयार होता. त्यानें तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको ह्यांस प्रभूच्या वंशावळींतून वगळलें नाहीं. आणि ज्याच्या बापाचा, आईचा, वंशाचा उल्लेखच नाहीं त्या मलकीसदेकास इब्री लोकांस लिहिलेलें पत्र ख्रिस्ताचा नमुना म्हणून पुढें करितें.

आम्ही तरुणास एवढेंच सांगितलें, "बाळा, त्या रकान्यांत खोटा बाप लिहिला, तर ज्या खऱ्या बापानें आपल्या वांट्याचा शेवटचा घांस कदाचित् ह्या लेंकरास दिला असेल, त्यास आपण दुसऱ्यानें पुरल्यासारखें होईल." तो कांहीं न बोलतां गेला. ती सोयरीक मोडली. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या घरीं बाप्तिस्म्यानंतरही कूळ विचारलें जातें, ही लाज मात्र खरी आहे. आणि ती त्या पोरक्या लेंकराची नव्हे.

दोन रविवारांनीं तो आपल्या आजीस घेऊन आला. म्हातारीनें नोंद वाचून घेतली व म्हणाली, "आमचे आजेसासरे दारीं आलेल्या पोराला भाकर दिल्याबिगर कधीं जेवले नाहींत. कां, तें आज कळलें." त्या घरच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावर आतां तें नांव लिहिलेलें आहे, आणि बापाची जागा कोरीच ठेविली आहे.

उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळीच्या वह्या वाळवीपासून जपा. नव्या नोंदींत आईचेंही नांव लिहा. वृद्धांजवळ बसून ऐका. आणि जें ठाऊक नाहीं तें कोरें राहूं द्या. कोरा रकाना देवास वाचतां येतो.